बोटावरच्या आकड्याचा मागोवा

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. नगर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर आशाताईंच्या पिशवीत एक नवी वस्तू आली : ऑक्सिमीटर. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चिमट्यासारखी उघडणारी, आत लाल उजेड असलेली. अंगणात बसवायचं, हात स्थिर ठेवायला सांगायचं, मधल्या बोटाला चिमटा लावायचा आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघायची. ९५ च्या खाली दिसला की नाव वेगळं लिहून घ्यायचं आणि पुढच्या तपासणीला पाठवायचं. साथीच्याच काळात हिवरे बाजारात गावानंच पथकं नेमून घरोघरी तपासणीची शिस्त लावली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात भाळवणीच्या कोविड सेंटरपासून शेवगाव-पाथर्डीच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत फोनवरचा पहिला प्रश्न एकच असायचा : ऑक्सिजन किती आहे?

शाळेची पायरी न चढलेली म्हातारी माणसंही तेव्हा ‘माझी लेव्हल सत्त्याण्णव हाय’ असं सांगत. शरीराच्या आतला, रक्तातला एक आकडा इतक्या साध्या घरांत इतक्या झपाट्यानं याआधी कधी पोचला नव्हता. ताप हाताला कळतो, नाडी बोटाला लागते. रक्तातला प्राणवायू मात्र कुणाला दिसत नाही, जाणवत नाही. तो आकडा त्या चिमट्यात आला कुठून, कुणी तपासला, कुणावर तपासला, हे आपण तेव्हा विचारलं नाही. विचारायला उसंतही नव्हती. आता मनगटी घड्याळं आणि बोटातल्या अंगठ्या तोच आकडा दिवसरात्र दाखवू लागल्या आहेत, तेव्हा ते विचारणं भाग आहे.

या वस्तूच्या आधी डॉक्टरकडे फक्त डोळा होता. ओठ, जीभ, नखं निळसर पडली की प्राणवायू कमी झाला, एवढंच शास्त्र. हा डोळा किती भरवशाचा, हे १९४७ मध्ये ज्युलियस कॉमरो आणि स्टेला बोटेल्हो या अमेरिकी संशोधकांनी तपासलं. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना प्राणवायू कमी असलेली हवा दिली आणि १२७ निरीक्षकांना त्यांचा रंग पाहून नोंद करायला सांगितलं. सात हजारांवर नोंदी झाल्या. निष्कर्ष धक्कादायक होता. रक्तातली प्राणवायूची पातळी ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बऱ्याच निरीक्षकांना ठाम निळेपणा दिसतच नव्हता. ८० टक्के म्हणजे आजच्या हिशेबानं तातडीनं प्राणवायू लावण्याची वेळ टळून गेलेली. अनुभवी डोळ्याची परीक्षा घेण्याचं धाडस करणारा हा अभ्यास मला या सगळ्या वंशावळीतला पहिला कर्ता पुरुष वाटतो, कारण मोजमापाची गरज त्यानं मोजून सिद्ध केली.

यंत्राचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. प्राणवायू वाहणारं रक्त लालभडक दिसतं, प्राणवायू सोडलेलं रक्त काळपट. म्हणजे दोन्ही रक्तं प्रकाश वेगवेगळा शोषतात. जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी १९३५ मध्ये कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार सोडून पातळी मोजणारं यंत्र केलं. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणारे वैमानिक बेशुद्ध पडत, म्हणून ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांच्या कानाला लावायचं हलकं यंत्र बनवलं. अंगावर घालून शरीराची खबर घेणारं उपकरण रुग्णाच्या आधी वैमानिकानं घातलं ते असं. पण या यंत्रांना एक अडचण पुरून उरत होती. प्रकाश रक्ताबरोबरच कातडी, मांस, हाडंही शोषतात. त्यातलं रक्ताचं शोषण वेगळं कसं काढायचं? त्यासाठी कान चोळून गरम करा, दाबून रक्त बाजूला सारा, मग पुन्हा सोडा, असे उपद्व्याप करावे लागत. सत्तरच्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं आठ तरंगलांबींचा प्रकाश वापरून हा गुंता बराच सोडवला, पण ते यंत्र अवजड आणि महाग होतं. ते प्रयोगशाळेतच राहिलं.

कोडं सुटलं जपानमध्ये, आणि तेही दुसरंच काही शोधताना. ताकुओ आओयागी हे निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते. हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजण्यासाठी ते रक्तात रंग सोडून कानातून प्रकाश पाठवत होते. आलेखावर नाडीच्या ठोक्यांचे बारीक चढउतार येत आणि मोजणी बिघडवत. हे ठोके पुसून टाकायचे म्हणून त्यांनी दोन तरंगलांबींच्या मोजणीचं गुणोत्तर काढून ते एकमेकांत वळते करायचा घाट घातला. पण रक्तातला प्राणवायू बदलला की हिशेब जुळेना. ज्याला ते अडथळा समजत होते, तीच मोजायची गोष्ट आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. कातडी, मांस आणि हाड स्थिर असतं, दर ठोक्याला बदलतं ते फक्त धमनीतलं ताजं रक्त. म्हणून प्रकाशातला फक्त ठोक्याबरोबर हलणारा भाग घ्या, बाकीचं आपोआप वजा होतं. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना जपानमधल्या परिषदेत मांडली. पाठोपाठ मिनोल्टा कंपनीनंही हीच वाट स्वतंत्रपणे धरली आणि १९७७ मध्ये बोटाला लावायचं यंत्र आणलं. आओयागींच्या कंपनीनं पुढे त्यात फारसा रस घेतला नाही. १८ एप्रिल २०२० रोजी ते वारले. जगभरातली घरं तेव्हा त्यांच्याच कल्पनेवर चालणारा चिमटा शोधत होती.

चिमटा उघडून पाहिला तर आत दोन बारीक दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० चा. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक ठिपका. दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीनं लागतात. दोन्हींतल्या हलत्या भागांचं गुणोत्तर यंत्र काढतं. इथवर भौतिकशास्त्र. पण ‘अमुक गुणोत्तर म्हणजे अमुक टक्के’ हे कुठल्याही सूत्रातून नेमकं निघत नाही. ते माणसांवर प्रयोग करून ठरवावं लागतं. निरोगी स्वयंसेवकाच्या मनगटातल्या धमनीत नळी बसवतात, त्याला कमी कमी प्राणवायूची हवा देत पातळी ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, दर पायरीला रक्त काढून प्रयोगशाळेत मोजतात आणि त्याच क्षणी यंत्रातलं गुणोत्तर टिपून ठेवतात. त्या जोड्यांचा तक्ता यंत्राच्या पोटात भरला जातो. ७० च्या खाली माणसाला उतरवणं धोक्याचं, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजानंच पुढे ओढलेले असतात. गुणोत्तर १ आलं की तक्त्यात साधारण ८५ लिहिलेलं असतं. म्हणूनच बोट गार पडलेलं असेल, ठोका नीट लागत नसेल, हात हलत असेल, तर बिघडलेलं यंत्र पुष्कळदा ८५ च्या आसपास घुटमळतं. आकडा आपल्या बोटातून येतो खरा, पण त्याचा अर्थ कुणा दुसऱ्याच मूठभर माणसांच्या रक्तावरून लावलेला असतो. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

ऐंशीच्या दशकात बायॉक्स आणि नेलकॉर या अमेरिकी कंपन्यांनी हे यंत्र भूलतज्ज्ञांच्या टेबलावर नेलं. नेलकॉरच्या १९८३ च्या यंत्रात दर ठोक्याला एक सूर वाजे आणि पातळी घसरली की सूरही उतरे. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णाच्या नळीवर असली तरी कान सावध राही. काही वर्षांतच श्रीमंत देशांत या चिमट्याविना शस्त्रक्रिया करणं चुकीचं मानलं जाऊ लागलं. गरीब देशांत मात्र चित्र वेगळं होतं. २०१० पर्यंतही जगभरातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत तो नव्हता, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत ‘ऑक्सिमीटर लावला आहे का, चालतो आहे का’ हा प्रश्न घालणाऱ्या गटाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. पुढे २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली आणि स्वस्त, मजबूत ऑक्सिमीटर गरीब देशांतल्या शस्त्रक्रियागृहांत पोचू लागले.

इथवर यंत्राची वंशावळ झाली. पण नगर जिल्ह्यातल्या अंगणात तो चिमटा ज्या हातानं लावला, त्या हाताची वंशावळ वेगळी आहे आणि ती याच मातीतली आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. दुष्काळी तालुका, रस्ते नाहीत, कुपोषण पाचवीला पुजलेलं. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. प्रशिक्षित नर्सा खेड्यात मुक्कामाला राहीनात. तेव्हा आरोळ्यांनी गावांना सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्या बायकांत दलित होत्या, विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात परत जाऊन बाळांची वजनं करत, गरोदर बायकांना तपासत, जुलाबावर मीठ-साखर-पाणी देत. पुढे त्या रक्तदाबही मोजू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेड हे नाव जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत गेलं. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, तेव्हा त्यामागे जामखेडसारख्या प्रकल्पांचा धडा होता.

जामखेडनं सिद्ध केलेली गोष्ट साधी आणि मोठी आहे. मोजमाप ही डॉक्टरची मिरास नाही. योग्य रीतीनं शिकवलं तर गावातली बाई बिनचूक मोजते. आणि तिचं मोजणं उपयोगी पडतं, कारण मोजल्यावर काय करायचं हे तिला ठाऊक असतं आणि ते करायला ती तिथंच असते.

याच विचाराला गडचिरोलीत उपकरणाचं रूप मिळालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं पाहिलं की बाळं न्यूमोनियानं मरत होती. न्यूमोनियाची खूण म्हणजे धाप : दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, मोठ्याचे ५० किंवा जास्त. पण गावच्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी एका फळीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी तारेत मण्यांच्या दोन ओळी ओवल्या, लहान बाळासाठी एक, मोठ्यासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. बॅटरी नाही, पडदा नाही, आकडासुद्धा नाही. गडचिरोलीतल्या शंभरावर गावांत झालेला बंगांचा न्यूमोनियाचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्या साध्या माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू घटतात, हे त्यातून दिसलं. फळी त्या अभ्यासाच्या ओघातच घडली. जिच्या हातात ती जाणार होती त्या सुईणीला गृहीत धरून बनवलेली, तिच्याच गावात तपासलेली.

२०२० मध्ये या दोन वंशावळी एकत्र आल्या. जपान-अमेरिकेतून आलेला चिमटा आणि जामखेडच्या वाटेनं आलेला हात. गाठ पडली संकटात, घाईत. म्हणून एक प्रश्न मागे राहिला : या चिमट्याची परीक्षा आपल्या बोटांवर झाली होती का?

कातडीतला काळा रंग प्रकाश शोषतो. आओयागींच्या युक्तीनं तो वजा व्हायला हवा, पण पूर्ण होत नाही. १९९० मध्येच जुब्रान आणि टोबिन यांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर दाखवलं की गोऱ्या रुग्णाच्या बाबतीत ९२ या आकड्यावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा कृष्णवर्णीय रुग्णाच्या बाबतीत ठेवायला ९५ लागतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेनं तेच दाखवलं : गडद कातडीवर, पातळी कमी असताना, यंत्र आकडा वाढवून सांगतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या रुग्णांची आकडेवारी मांडली, तेव्हा कुठे खळबळ उडाली. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातली खरी पातळी ८८ च्याही खाली होती, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळलं, तर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के मोजण्यांत. २०२२ मध्ये कोविड रुग्णांवरच्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीयांबरोबर आशियाई आणि हिस्पॅनिक रुग्णांतही आकडा फुगलेला दिसला आणि उपचाराची गरज ओळखायला उशीर झाल्याचंही दिसलं.

मूळ आहे ते त्या तक्त्यात. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेच्या २०१३ च्या सूचनेनुसार रुग्णालयीन ऑक्सिमीटरच्या चाचणीला किमान दहा निरोगी माणसं पुरत होती आणि त्यांत गडद वर्णाची दोन असली तरी चालत होतं. जानेवारी २०२५ मध्ये नव्या मसुद्यात ही संख्या दीडशेच्या घरात नेण्याची आणि कातडीचा रंग ठरावीक मापपट्टीवर मोजून सगळ्या छटांची माणसं घेण्याची शिफारस आली. पन्नास वर्षं जुन्या यंत्राला एवढा उशीर लागला. शिवाय आपल्याकडे २०२१ मध्ये मिळेल तिथून घेतलेल्या बऱ्याच चिमट्यांची अशी किमान चाचणीही झाली होती की नाही, हे विकत घेणाऱ्याला कळायला वाव नव्हता. बोटाऐवजी पेन घातलं तरी आकडा दाखवणाऱ्या नकली यंत्रांच्या तक्रारी तेव्हा झाल्या होत्या. त्या जुलैत केंद्राच्या औषध दर प्राधिकरणानं ऑक्सिमीटरच्या नफ्याला मर्यादा घातली. किंमत खाली आली. खरेपणाची हमी हा वेगळा विषय आहे.

आता पुढची पिढी मनगटावर आली आहे. घड्याळात प्रकाश आरपार जात नाही, कातडीवर आपटून परत येतो तो मोजतात. मनगटावर नाडीचा हलता भाग बोटापेक्षा क्षीण, हात सतत हलता, पट्टा सैल. त्यामुळे चूक व्हायला जागा जास्त. बऱ्याच घड्याळांतली प्राणवायूची मोजणी कंपन्या स्वतःच वैद्यकीय वापरासाठी नाही असं सांगून विकतात. नाडीच्या अनियमिततेबद्दल मात्र मोठं काम झालं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त अमेरिकेतली ४ लाख १९ हजार माणसं होती. साधारण चार महिन्यांच्या देखरेखीत अर्ध्या टक्क्याला सूचना गेली. त्यांतल्या ज्यांनी छातीला लावायची पट्टी वापरून परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हृदयाची ती गडबड पट्टीवर सापडली. अभ्यास मोलाचा आहे. पण भाग घेण्यासाठी महागडा फोन आणि घड्याळ आपलं स्वतःचं लागत होतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्याबद्दल तो अभ्यास काही सांगू शकत नाही.

दुसरा एक अभ्यास मला याहून बोलका वाटतो. कोविडच्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं घरी असलेल्या दोन हजारांवर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही गटांना दिवसातून दोनदा फोनवर संदेश येई, दम लागतोय का, कालच्यापेक्षा जास्त लागतोय का, आणि गरज पडली तर परिचारिका लगेच बोले. एका गटाला त्याशिवाय घरी ऑक्सिमीटर दिला. २०२२ मध्ये निकाल आला : महिन्याभरात रुग्णालयाबाहेर जिवंत राहिलेल्या दिवसांत दोन्ही गटांत फरक नव्हता. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. जिथे विचारपूस करणारं कुणी नाही तिथलं उत्तर वेगळं येऊ शकतं. पण जिथे नेमानं विचारणारं आणि धावून येणारं माणूस आहे, तिथे निम्मं काम त्या माणसानंच केलेलं असतं, एवढं त्यातून दिसतं. जामखेडच्या बायकांनी हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

म्हणून या मागोव्याच्या शेवटी माझं मागणं ठोस आहे. अंगावर घालायच्या उपकरणांची चाचणी नगर जिल्ह्यात व्हावी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कारखान्यांच्या फडात जातात. उन्हानं रापलेली कातडी, कोयत्यानं घट्टे पडलेली बोटं, दिवसभर हलणारा हात, घाम, पहाटेची थंडी. उपकरणाला चुकवणाऱ्या सगळ्या गोष्टी एका माणसात एकवटलेल्या. या मनगटावर जे घड्याळ खरं बोलेल ते कुठेही खरं बोलेल. धमनीतलं रक्त काढून करायची चाचणी रुग्णालयातच होऊ शकते, आणि त्यासाठी लोणीला प्रवरेचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. गावोगावी पाठपुराव्याचा धडा द्यायला जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या वढूत केईएमचं संशोधन केंद्र आहे. २००२ पासून ते आसपासच्या गावांतल्या कुटुंबांची नोंद सातत्यानं ठेवत आलं आहे. आणि घरोघरी जाणाऱ्या आशा आहेत. चाचणीत त्यांना नुसतं ओझ्याचं काम न देता, आकडा आल्यावर काय करायचं हे ठरवताना त्यांना विचारलं पाहिजे आणि त्या कामाचा पुरता मोबदला दिला पाहिजे.

१९४७ मध्ये डॉक्टरच्या डोळ्याची परीक्षा घ्यायला कुणी कचरलं नाही, म्हणून यंत्राची गरज सिद्ध झाली. आज यंत्राची परीक्षा घ्यायची पाळी आपली आहे. आपल्या कातडीवर, आपल्या फडात, आपल्या बायकांच्या हातानं ती झाली तरच घड्याळावरचा आकडा वाचून गाडी बोलवायची की घरीच थांबायचं, हा निर्णय ऊसतोड करणाऱ्या बाईला निर्धास्तपणे घेता येईल.